गुत्त्यातली शेवटची खुर्ची

लेनर्ड हुडाक दारात उभ्याउभ्या घामाघूम होत होता. बाहेर गुडघाभर बर्फ पडलेलं होतं, पण दोन बनियन, लोकरी सदरा, स्वेटर आणि त्यावर बस कंपनीचा जुना जाडजूड कोट एवढं सगळं अंगावर चढवून त्याला बराच वेळ झाला होता, आणि त्याचं कुटुंब अजून मोजे शोधत होतं.

"अरे, चला!" तो घराच्या पोटात पाहून ओरडला. "ती फेरी आपल्यासाठी थांबणार नाही."

"फेरी आपल्याच दारासमोर येऊन संपणार आहे, लेनी," आतून डोलोरेस म्हणाली. "आपण नाही गेलो तर तीच येईल आपल्याकडे."

डोलोरेस त्याची बायको. तिच्या बोलण्यात चूक काढता येत नसे, आणि तिच्याशी संसार करण्यातला मुख्य त्रास तोच होता.

पिट्सबर्गच्या चढउतारांवर लेनर्डने जन्मभर बस चालवली. बस वेळेवर सुटते, कारण ती कोणाला विचारत नाही. कुटुंबाला मात्र विचारावं लागतं. मुलगी मार्लीनला विचारलं तर ती जोसीच्या बुटांकडे बोट दाखवी. तेरा वर्षांच्या जोसीला विचारलं तर तिच्या कानात गाणं चालू असे. आणि जावई टॉडला विचारलं तर तो फोनमध्ये पाहून बाहेर किती थंडी आहे ते सांगे. थंडी किती आहे हे कळल्यावर टॉडला पुन्हा वर जाऊन आणखी एक मोजा चढवावासा वाटे.

फेरी होती केलर हिल वारसा मंडळाची. सहकुटुंब हिवाळी इतिहास फेरी. मंडळातल्या बहुतेकांना टेकडीवर राहायला येऊन इतके थोडे दिवस झाले होते की त्यांच्या घरातला नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. पण टेकडीचा इतिहास धोक्यात आहे हे त्यांच्या आल्याआल्या लक्षात आलं. जुन्या रहिवाशांच्या ते कधीच लक्षात आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, फक्त छपरं धोक्यात आहेत.

मार्लीनने नाताळची भेट म्हणून तिकिटं दिली, तेव्हा लेनर्ड फणकारला होता, "जिथे जन्मलो तिथे आता तिकीट काढून हिंडू?" मग त्याने सोबतचं पत्रक वाचलं. शेवटच्या थांब्याबद्दल, म्हणजे त्याच्या घरासमोरच्या कोपऱ्यावरच्या इमारतीबद्दल, लिहिलं होतं : 'पूर्वीचं सामाजिक पेयगृह. विटांची नक्षी प्रेक्षणीय. चालक अज्ञात.'

सामाजिक पेयगृह! तो गुत्ता होता. साधा, घामट, धुराने काळवंडलेला गुत्ता. खालच्या पोलाद कारखान्यातून पाळी संपवून आलेली माणसं घरी जाण्याआधी तिथे माणसात येत. आणि तो अज्ञात चालक म्हणजे लेनर्डचा बाप. तीस वर्षं त्याने तो गुत्ता चालवला, त्याच्या काउंटरला टेकून अर्ध्या टेकडीची लग्नं ठरली आणि उरलेल्या अर्धीची मोडली. तो माणूस अज्ञात!

गुत्त्याच्या जागी आता कुत्र्यांची बेकरी होती. म्हणजे कुत्रे भाजत नसत. कुत्र्यांसाठी केक भाजत. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जोसीने खिडकीतून पाहत विचारलं होतं, "डेडो, हे दुकान आधीपासून कुत्र्यांचंच होतं का?" स्लोवाक घरात आजोबाला डेडो म्हणतात. डेडोने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर ती कानात गाणं घालून निघून गेली होती.

पत्रक वाचल्यावर लेनर्डने मंडळाला फोन केला. फेरीची वाटाड्या व्हिटनी फोनवर फार गोड बोलली. शेवटच्या थांब्यावर 'शेजाऱ्यांच्या आठवणी' असा कार्यक्रम आहे, त्यात मिस्टर हुडाक दोन मिनिटं बोलू शकतील, मंडळाला फारच आनंद होईल. त्या दिवसापासून लेनर्ड रोज दाढी करताना आरशासमोर भाषण घोटत होता. बापाचं नाव सुरुवातीलाच घ्यायचं आणि शेवटी पुन्हा एकदा घ्यायचं, म्हणजे ते पत्रकात जाईल, मंडळाच्या डोक्यात जाईल आणि जमलं तर जोसीच्या कानातही जाईल. डोलोरेस न्हाणीघराच्या बाहेरून ऐके आणि एखादं वाक्य राहिलं तर दारावर टकटक करी.

शेवटी सगळे निघाले. फेरीची सुरुवात टेकडीच्या पायथ्याशी, चर्चच्या हॉलमधून होती. डोलोरेसच्या गुडघ्यासाठी तिथवर मार्लीनच्या गाडीतून जायचं ठरलं. गाडी घरासमोरच्या जागेतून बाहेर निघाली मात्र, लेनर्डने ओसरीतून खुर्ची आणून त्या रिकाम्या जागेच्या मधोमध ठेवली.

ती जागा त्याने सकाळी फावड्याने उपसली होती. कंबर अजून त्याची साक्ष देत होती. टेकडीवरचा कायदा असा, की बर्फ ज्याने उपसलं जागा त्याची, आणि खुर्ची ठेवली की सही-शिक्का झाला. सख्ख्या भावाची बायको पळवलेला एक इसम या टेकडीवर कालांतराने माफ झाला होता, चर्चच्या समितीतही आला होता. दुसऱ्याची खुर्ची हलवलेलाही एक जण होता. तो आता फ्लोरिडात असतो.

"डॅड, फेक ना आता ती खुर्ची," मार्लीन काच खाली करून म्हणाली. "पाय बघ तिचे. मी तुला प्लास्टिकची छान आणून देते."

"प्लास्टिकची वाऱ्याने उडते."

खुर्ची काळ्या लाकडाची होती, पाठीला गोल वाकवलेली, आणि मागच्या एका पायाला पत्र्याची पट्टी ठोकलेली. गुत्ता बंद झाला तेव्हा सगळं सामान लिलावात गेलं. ही तेवढी राहिली, कारण त्या दिवशी ती रस्त्यावर जागा धरून होती.

*

हॉलमध्ये फेरी सुटायची होती, पण सुटत नव्हती. व्हिटनीने प्रत्येकाला हातात धरायची एकेक गरम पुडी दिली, मग स्वतःची ओळख करून दिली, मग सगळ्यांना स्वतःची ओळख आणि 'बर्फाबद्दल मला काय वाटतं' हे सांगायला लावलं. टॉडला बर्फाबद्दल बरंच काही वाटत होतं. डोलोरेसला बर्फाबद्दल काही वाटत नव्हतं, पण तिला समोरच्या बाईच्या बहिणीच्या ऑपरेशनबद्दल विचारायचं होतं, आणि ते तिने विचारून घेतलं.

"शेवटच्या थांब्याला वेळ राहील ना?" लेनर्डने व्हिटनीला विचारलं.

"नक्की, मिस्टर हुडाक! तुम्ही आमचे कळस आहात. फक्त एक विनंती, आठवणी शेवटपर्यंत राखून ठेवाल का? मधे मधे झालं की लोकांचा ओघ तुटतो."

त्यामुळे कळस गप्प बसला.

बाहेर पडल्यावर चर्चच्या समोरच ओघ अर्धा तास तुंबला. व्हिटनी दाराच्या कमानीबद्दल बोलली, कमानीवरच्या पानांबद्दल बोलली, पानांच्या शिरांबद्दल बोलली. लेनर्डच्या पायाची बोटं एकेक करून निरोप घेऊ लागली. त्याने मनाला बजावलं होतं की बोलायचं नाही, पण व्हिटनीने वर बोट करून "आणि ही घंटा..." म्हटल्याबरोबर त्याला राहवेना.

"घंटा स्लोवाकियातून आणली," तो जोसीकडे वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "जहाजातून. गावोगावच्या लोकांनी आपल्या घरची भांडी वितळवायला दिली. माझ्या बापाने सांगितलं मला."

टॉडने फोनवरून मान वर केली. "ओहायो."

"काय?"

"घंटा ओहायोत ओतलीय. इथे दाराजवळ पाटीवर लिहिलंय बघा. रेल्वेने आली."

लोक पाटीभोवती जमले आणि ओहायोबद्दल कौतुकाने बोलू लागले. लेनर्डने पाटी वाचली. या दारातून तो जन्मभर आत-बाहेर करत आला होता, पण पाटी वाचायला थांबला तर मागचे ढकलत.

"भांड्यांचा भाग छान होता पण," जोसी म्हणाली. एका कानातलं गाणं तिने काढलं होतं. लेनर्डला वाटलं, ही थट्टा आहे. तेरा वर्षांच्या मुलीचं काय थट्टा आणि काय नाही, हे ओळखायला वेगळी शाळा लागते.

"तुझे वडील आणखी काय काय सांगायचे तुला?" डोलोरेसने हळूच विचारलं.

"गुत्त्याबद्दल मी स्वतः पाहिलेलंच सांगणार आहे."

"मी कुठे काय म्हणाले?"

पुढचा थांबा म्हणजे एक रिकामा प्लॉट होता. तिथे पूर्वी एका डॉक्टरचं घर होतं, ते पाडलं, म्हणून तिथे पाहण्यासारखं खूप आहे असं व्हिटनी म्हणाली. सगळ्यांनी डोळे मिटून ते घर उभं करून पाहायचं होतं. लेनर्डने डोळे मिटले तर त्याला फक्त आपली खुर्ची दिसली. डोळे उघडले तर टॉड व्हिटनीला विचारत होता की छज्ज्याखालच्या नक्षीदार आधारांना नेमकं काय म्हणतात. लेनर्डला जावयाच्या तोंडात गरम पुडी कोंबावीशी वाटली. आतापर्यंत पुडी गार झाली होती, पण कोंबायला चालली असती.

"टॉड," तो गोड आवाजात म्हणाला, "घरी जाऊन शोध की फोनवर."

"घरी काय मजा? इथे माणसाला विचारता येतंय."

"डॅड," मार्लीन दातांतून म्हणाली, "त्याला आवडतंय. एकदा तरी त्याला तुझ्या टेकडीवर काहीतरी आवडतंय. आवडू दे."

हेही खरं होतं. या घरात बायकांना खरं बोलायची खोडच होती.

मग पायऱ्या आल्या. टेकडीवर एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जायला शहराने उभ्या सिमेंटच्या पायऱ्या बांधल्यात. उन्हाळ्यात त्या चढताना धाप लागते, हिवाळ्यात त्यावर बर्फाचा आरसा होतो. लेनर्ड म्हणाला, पलीकडून गल्लीने गेलो तर लगेच पोचू. व्हिटनी म्हणाली, कामगार रोज याच पायऱ्यांनी जायचे, तो अनुभव घ्यायला हवा. लेनर्ड म्हणाला, कामगार हिवाळ्यात गल्लीनेच जायचे, अक्कल होती त्यांना. व्हिटनी हसली, "आठवणी शेवटी हं, मिस्टर हुडाक!"

अनुभव घेणं सुरू झालं. एकेक जण कठडा धरून, बाजूला पाय टाकत, देवाचं नाव घेत चढला. डोलोरेस मधल्या टप्प्यावर बसली, तिच्याजवळ ऑपरेशनवाल्या बहिणीची बहीण बसली आणि दोघींनी तिथे संसार मांडला. एका बाईने पाठीवरच्या बाळाला दूध पाजायला घेतलं. कोणीतरी टोपी खाली पाडली, ती आणायला टॉड उतरला, आणि उतरल्यावर वर येणं हा एक वेगळाच अनुभव निघाला. लेनर्ड वरच्या पायरीवर उभा राहून भाषण म्हणत होता. पहिलं वाक्य ठणठणीत होतं. दुसऱ्या वाक्यापाशी दात वाजायला लागले.

"काही लोक घरी चाललेत, डेडो," जोसीने खबर दिली.

खरंच, दोन कुटुंबं गल्लीने निघाली होती. गल्ली त्यांना लगेच सापडली.

"थांबा ना!" लेनर्ड हाक मारत होता. "शेवटचा थांबा राहिलाय! तोच चांगला आहे!"

"शेवटच्या थांब्यावर गरमागरम चॉकलेट आहे!" व्हिटनी ओरडली.

ते लोक परत वळले. लेनर्डच्या बापाला तीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते चॉकलेटने केलं : घरी निघालेली माणसं पिण्यासाठी परत चढ चढून आली.

*

कुत्र्यांच्या बेकरीसमोर सगळे गोळा झाले, तेव्हा लोकांची नाकं लाल झाली होती आणि चेहऱ्यांवर एकच प्रश्न होता. चॉकलेट कुठे आहे? व्हिटनीने फोनवर बोलून घेतलं आणि सांगितलं की मंडळाचे अध्यक्ष ग्रॅहम पिंपं घेऊन व्हॅनने निघालेत, आलेच. तोवर तिने विटांची नक्षी दाखवली. नक्षीत विटा एक उभी एक आडवी लावल्यात, असं ती म्हणाली, आणि लोकांनी विटांकडे अशा नजरेने पाहिलं की त्या गरम असत्या तर त्यांनी कवटाळल्या असत्या.

"...आणि हे पेयगृह कोण चालवत असे, ते दुर्दैवाने इतिहासाला ठाऊक नाही," व्हिटनी म्हणाली. "त्या काळची एकही वस्तू उरलेली नाही. एखादा पेला, एखादं टेबल मिळालं असतं तर! पण आज आपल्यात मिस्टर हुडाक आहेत, ते याच रस्त्यावर राहतात. मिस्टर हुडाक, आपल्याला जरा उशीर झालाय, तेव्हा एका मिनिटात आटपाल ना?"

दोनाचं एक झालं होतं. असो. लेनर्ड पुढे आला. त्याने टोपी काढली, कारण आरशासमोर टोपी नव्हती. मार्लीन फोनवर चित्रण करायला लागली. डोलोरेसचे ओठ आधीच हलू लागले होते. जोसी भिंतीला टेकून बर्फावर बुटाने रेघा ओढत होती, पण दोन्ही कान मोकळे होते. लेनर्डला आणखी काय हवं होतं?

"मित्रहो," तो म्हणाला, "हे दुकान ज्याला पेयगृह म्हणतात—"

तेवढ्यात रस्त्यावर व्हॅन आली. लोकांतून एक सुस्कारा उठला. व्हॅन लेनर्डच्या घरासमोर थांबली. निळी टोपी घातलेले ग्रॅहम उतरले, हसून सगळ्यांना हात केला, आणि खुर्चीपाशी गेले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग दोन बोटांनी तिची पाठ धरली, कोणी उंदराची शेपूट धरतं तशी, उचलली, आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगावर उलटी टाकली. पाय वर.

"—ज्याला पेयगृह म्हणतात," लेनर्ड म्हणाला आणि थांबला.

डोलोरेसचे ओठ पुढचं वाक्य म्हणून गेले होते. तिने वळून पाहिलं, आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "अरे देवा."

ग्रॅहम व्हॅनमध्ये बसून मागे घेऊ लागले होते. लेनर्ड टोपी हातात घेऊन रस्ता ओलांडून गेला आणि व्हॅनच्या मागे उभा राहिला. अशा बर्फात कोणी त्याला इतकं झटपट चालताना पाहिलं नव्हतं.

"ठेव!" तो ओरडला. "ठेव ती खुर्ची जागेवर!"

ग्रॅहमनी काच खाली केली. "सर, फक्त दहा मिनिटं. चॉकलेट उतरवायचंय. मला वाटलं कोणीतरी टाकून दिलीय."

"टाकून? मधोमध? सरळ उभी करून टाकून देतात? तुझ्या घरी कचरा असा मांडून ठेवतात का रे?"

"लेनी, त्यांच्याकडे चॉकलेट आहे," कोणीतरी गर्दीतून कळवळून म्हणालं.

"मसणात गेलं चॉकलेट! ही खुर्ची या समोरच्या गुत्त्यातली आहे! वस्तू हवी होती ना तुम्हाला? ही घ्या वस्तू! उलटी केलीय तुम्ही ती! माझा बाप रात्रपाळीच्या लोकांना पहाटे याच खुर्च्यांवर बसवून सूप पाजायचा. आधी सूप, मग बिअर. सूप नाही प्यायला तर बिअर नाही, मग तो कोण का असेना! दारू पिऊन कोणी रडायला लागला की त्याला या खुर्चीवर बसवायचा, कारण ही चुलीजवळची होती. हिचा पाय मोडला, कारण संपाच्या वेळी दोन भाऊ दोन बाजूंना होते आणि दोघांनाही हीच खुर्ची हवी होती. बापाने पाय ठोकून दिला आणि म्हणाला, आता आळीपाळीने बसा. बसले! बापाच्या समोर बसावंच लागायचं! बायकांना पुढच्या दाराने आत येऊ द्यायची रीत नव्हती, तर त्या बाजूच्या दाराशी पोरांना बिअरसाठी डबा देऊन पाठवायच्या, आणि डबे भरायला मी उभा! आणि ज्या दिवशी मी जन्मलो त्या दिवशी असंच बर्फ होतं. डॉक्टरच्या गाडीला टेकडीवर उभं राहायला जागा नव्हती. बापाने फावड्याने ही जागा उपसली. हीच! आणि कोणी घुसू नये म्हणून गुत्त्यातली ही खुर्ची आणून इथे ठेवली. सगळी टेकडी त्या दिवशी गाड्या घेऊन फिरत होती आणि एकाने, एकाही हरामखोराने, हिला हात लावला नाही! म्हणून डॉक्टर आला! म्हणून मी इथे उभा राहून तुला सांगतोय, की ठेव ती खुर्ची जागेवर!"

बेकरीच्या काचेआडून एक कुत्रा पाहत होता.

ग्रॅहम व्हॅनमधून उतरले. त्यांनी ढिगावरून खुर्ची उचलली, या वेळी दोन्ही हातांनी, तिच्या बैठकीवरचं बर्फ स्वतःच्या मफलरने पुसलं आणि ती जागेच्या मधोमध ठेवली. थोडी वाकडी वाटली म्हणून पुन्हा सरळ केली.

आणि मग टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली.

"अप्रतिम!" व्हिटनी धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीचंही असेल. "मिस्टर हुडाक, मला वाटलं होतं तुम्ही नुसतं बोलाल! हे तर नाट्य झालं! ग्रॅहम, तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही दोघांनी बसवलं होतं?"

ग्रॅहमनी क्षणभर विचार केला. "अं... साधारण," ते म्हणाले.

"दरवर्षी करू या! आणि ही खुर्ची आपल्या दालनात हवी. काचेत. वर दिवा."

"काचेत?" लेनर्ड अजून धापा टाकत होता. "मग गाडी कुठे लावू?"

व्हॅन रस्त्याच्या मधोमधच उभी राहिली, तिच्या मागे आणखी दोन गाड्या अडकून भोंगे वाजवू लागल्या, आणि त्या गोंगाटात लोकांनी कागदी पेल्यांतून चॉकलेट प्यायलं. लेनर्डची पाठ सगळ्यांनी थोपटली. एक जण म्हणाला, तुमचा आवाज रंगभूमीचा आहे. एक बाई म्हणाली, तो सूपचा भाग ऐकून मला माझ्या आजीची आठवण आली. मग पेले रिकामे झाले आणि फेरी आली तशी विरघळली.

लेनर्डने टोपी पुन्हा घातली होती, हातात चॉकलेटचा पेला तसाच होता. थोडं बरं वाटायला लागलं होतं. डोलोरेस त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"छान बोललास," ती म्हणाली. "आरशासमोर इतकं कधी चांगलं नाही झालं."

"हं."

"पण लेनी, नाव राहिलं."

"कसलं नाव?"

"बापाचं. बाप, बाप, बाप केलंस. नाव एकदाही नाही घेतलंस."

लेनर्डने मनातल्या मनात भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. सूप होतं. पाय होता. डबे होते, डॉक्टर होता, हरामखोरसुद्धा होता. नाव नव्हतं. एवढे दिवस दाढी करून जे एक वाक्य घोटलं तेच तेवढं राहून गेलं होतं. पेला त्याने गटारात ओतला आणि व्हिटनीला गाठायला धावला. व्हिटनी व्हॅनमध्ये बसत होती. टॉड खिडकीत वाकून तिला छज्ज्याबद्दल शेवटचं काहीतरी विचारत होता.

"एक मिनिट, चालक अज्ञात नाही—" लेनर्ड म्हणाला.

"मिस्टर हुडाक! आज तुम्ही धमाल केलीत! पत्रकाचं पुढच्या वर्षी बघू हं, यंदाची छपाई झालीय. आणि आमच्या मागे केवढी रांग लागलीय बघा!" भोंगे वाजले, व्हॅन निघून गेली.

लेनर्ड रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागच्या गाडीने त्यालाही भोंगा वाजवला.

"आम्ही खाली जाऊन गाडी घेऊन येतो, डॅड," मार्लीन त्याला फुटपाथवर ओढत म्हणाली. "आपलं बटाट्याचं सूप तापत ठेव. आणि इतका चेहरा पाडू नकोस. मी सगळं चित्रित केलंय."

"त्यात नाव नाही."

"कोणाचं?"

लेनर्डने हात झटकला. मार्लीन आणि टॉड उताराने निघून गेले. डोलोरेस सूप पाहायला घरात गेली. लेनर्ड ओसरीच्या पायरीवर उभा राहून आपल्या टेकडीकडे, कुत्र्यांच्या बेकरीकडे आणि एकूणच जगाकडे पाहत राहिला. तिघांपैकी कोणावर जास्त राग येतोय हे त्याला ठरवता येईना.

जोसी बुटांनी रेघा ओढत ओढत आली आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून खुर्चीवर बसली. रस्त्यावर, त्या उपसलेल्या जागेच्या मधोमध, पाय लांब करून.

"ऊठ, गार पडशील," लेनर्ड म्हणाला.

"ही चुलीजवळची ना?"

"तेव्हा होती. आता चूल नाही."

ती थोडी हलून पाहू लागली. पत्र्याच्या पट्टीचा पाय कुरकुरला.

"दोन भाऊ खरंच आळीपाळीने बसायचे?"

"खरंच. हे ओहायोचं नाही. हे मी बघितलंय." मग खुर्चीकडे बघत, "म्हणजे थोरल्याला बसलेलं बघितलंय. धाकटा बसायचा असं बाप म्हणायचा."

जोसी हसली. "त्यांचं नाव काय होतं, डेडो?"

"भावांचं?"

"नाही. तुझ्या बापाचं. तू सांगितलंच नाहीस."

लेनर्डने खाकरून घसा साफ केला. टोपी काढावी का असं एकदा वाटलं, पण काढली नाही.

"ओंद्रेय," तो म्हणाला. "ओंद्रेय हुडाक."

"ओंद्रेय," तिने म्हणून पाहिलं. तिच्या तोंडी ते जरा वेगळंच लागलं, आणि तिने कानात पुन्हा गाणं घातलं.

लेनर्डने पायरीवरचं बर्फ बुटाने उगाच बाजूला सारलं. आत जायला वळतोय तोच एक लाल गाडी हळूहळू येऊन जागेपाशी थांबली. गाडीतल्या माणसाने रिकामी जागा पाहिली, मग तिच्या मधोमध बसलेली मुलगी पाहिली, आणि काच खाली केली. लेनर्डने ओरडायला श्वास ओढला. आज दुसऱ्यांदा.

"ए पोरी, इथे लावू का? कोणाची जागा आहे ही?"

जोसीने एका कानातलं गाणं काढलं.

"ओंद्रेय हुडाकची."

"येणार आहे का तो इतक्यात?"

"त्याला जरा उशीर आहे," जोसी म्हणाली. "पण जागा त्याची आहे."

माणसाने पायरीवरच्या म्हाताऱ्याकडे एकदा पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि मान डोलावली. तोही टेकडीवरचाच असावा.

"बरं, बरं. सॉरी सांग त्याला माझं."

"सांगते."

गाडी पुढे निघून गेली. आतून डोलोरेसने हाक मारली की सूप झालंय, दोघं आत या, नाहीतर गार होईल.

"गाडी येईपर्यंत कोणी उठायचं नाही!" लेनर्ड ओरडला, आणि नातीला सूप बाहेर आणून द्यायला आत गेला.